खाली आणलेला खोपा

“ताई, आत काहीतरी आहे,” खोप्यात हात घातलेली चार वर्षांची केतकी म्हणाली. “गार लागतंय.”

मी तिचा हात अलगद बाहेर काढला. मागच्या आठवड्यात पाळणाघरामागच्या राईत मुलांना काहीच बघायला मिळालं नाही, नुसती चिखलानं बरबटून घरी आली, अशी पालकांची तक्रार होती. म्हणून काल संध्याकाळी विहिरीवरच्या बाभळीवरून सुगरणीचा हा खोपा मी आकडीनं ओढून काढला आणि मुलांच्या हाताला लागेल असा करंजाच्या खालच्या फांदीला बांधला. रिकामाच असणार, असं धरून चालले. आत बघितलंसुद्धा नाही.

मी हळूच बोटं घातली. इवलंसं अंडं होतं.

“श्श! कुणी बोलू नका, ते घाबरेल,” केतकीनं सगळ्यांना दटावलं. “त्याची आई येईपर्यंत आपण इथेच थांबायचं.”

आमच्या पाळणाघराचा नियमच आहे तो. कितीही उशीर होवो, आई न्यायला आल्याशिवाय एकाही मुलाला आम्ही एकटं सोडत नाही.

अकरा मुलं ओठांवर बोट ठेवून ओल्या पाचोळ्यात बसली. एरवी दोन मिनिटं गप्प न बसणारी पोरं, पण कुणी हललं नाही. लांब विहिरीकडून सुगरणींचा कलकलाट ऐकू येत होता.

बऱ्याच वेळानं केतकी माझ्या कानाशी आली. “ताई, ते इथे आहे हे त्याच्या आईला सांगितलंय ना?”

मी मान हलवली. हो म्हणून.