आधी घोड्याचं

कड्यावर पुन्हा गोळी सुटली आणि एवाल्डने मान खाली घातली. दरीकडे बघायचंच नाही असं त्याने सकाळीच ठरवलं होतं. पण डोळे कुठे ऐकतात? ते सारखे तिकडेच जात होते.

महायुद्धात हरत मागे हटलेली जर्मनांची सतरावी सेना सेव्हास्तोपोलच्या टोकाशी, समुद्राकाठी येऊन अडकली होती. मागे रशियन, पुढे पाणी. बोटी येणार, येणार असं नुसतं ऐकू येत होतं. बोटीत माणसांनाच जागा पुरायची नाही, तिथे घोड्यांना कोण विचारतो? आणि घोडे शत्रूच्या हाती लागता कामा नयेत. म्हणून हुकूम सुटला होता: प्रत्येक गाडीवानाने आपली जोडी कड्यावर न्यायची आणि तोंड धरून उभं राहायचं. पुढचं काम सार्जंट लुटके करत होता.

एवाल्डची जोडी म्हणजे हुल्डा आणि मिश्का. हुल्डा घोडी त्याच्या घरची, पूर्व प्रशियातली, त्याच्याबरोबरच लष्करात आलेली. मिश्का रशियन मुलखातल्या, कुबानमधल्या कुणा शेतकऱ्याचा; त्याला नेताना तो शेतकरी किती लांबवर मागे धावत आला होता, ते एवाल्ड विसरला नव्हता. सकाळच्या धुक्यात त्याने दोघांचे पट्टे सोडले, त्यांना दरीत नेलं आणि हुल्डाच्या पुठ्ठ्यावर थाप मारली. ती जाईना. मिश्का मागे वळूनही न बघता निघाला, तेव्हा कुठे ती त्याच्यामागून गेली. लुटकेला एवाल्डने सांगितलं, पलीकडच्या तुकडीबरोबर उरकलं. लुटकेने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, पण मागे रांग लागली होती.

हे बाहेर फुटलं असतं तर एवाल्डलाही त्याच कड्यावर उभं केलं असतं. त्याची धास्ती होतीच, पण तिच्यापेक्षा मोठी धास्ती दुसरी होती. हुल्डा वाचली पाहिजे. रशियन तर रशियन, खुशाल नांगराला जुंपू देत, पण जगू देत.

शेजारी हाइनो बसला होता, पुढच्या गाडीचा गाडीवान; दरीतली गोष्ट एकट्या त्याला ठाऊक होती. त्याची जोडी सकाळीच गेली होती आणि तेव्हापासून तो कुणाशी धड बोलत नव्हता. एवाल्डची चुळबुळ बघून शेवटी तो वैतागला.

"बस की जरा एका जागी. तू येरझाऱ्या घातल्यास म्हणून बोट लवकर येणार आहे का?"

एवाल्ड बसला, उठला, परत बसला. हात रिकामे होते आणि त्यांचं काय करावं ते त्याला समजत नव्हतं. नुसतं बसायची सवयच नव्हती माणसाला.

दुपारी मांसाचे डबे आणि पाव वाटले. लुटकेही जरा थांबला असावा, कारण कड्यावर सामसूम झाली होती. एवाल्डने डबा मांडीवर घेतला, चाकू काढला.

गाडीवानांचा एक नेम असतो: आधी घोड्याचं, मग आपलं. पोटात कावळे ओरडत असले तरी पहिल्यांदा बादली उचलायची, बुडावर दोनदा ठोकून घोड्यांना बोलवायचं, दाणा ओतायचा. घोड्यांनी तोंड घातलं की मग आपला घास. लुटकेनेच हे एकेका गाडीवानाला शिव्या घालून शिकवलं होतं. पोलंडपासून कॉकेशसपर्यंत एक दुपार चुकली नव्हती.

एवाल्डने चाकू बाजूला ठेवला, मोडक्या गाडीखालची बादली ओढली आणि ठोकली. ठण्. ठण्.

हाइनोने झटकन वर पाहिलं.

"अरे, काय केलंस हे," तो हळू आवाजात म्हणाला.

तेव्हा कुठे एवाल्डच्या ध्यानात आलं. त्याने बादली पोटाशी घट्ट धरली, जणू आवाज परत आत घेता येणार होता.

ती येताना दिसली. एकटीच. मिश्का काही आला नाही, त्याला त्याच्या घरचा रस्ता ठाऊक होता. हुल्डा मात्र घामाने थबथबून चढ चढली, माणसांतून वाट काढत आली आणि गाडीच्या दांड्याच्या डाव्या अंगाला, आपल्या रोजच्या जागी उभी राहिली. उजवीकडे मिश्कापुरती जागा सोडून. एवाल्डने तिला ढकललं, शिव्या दिल्या. मग खडा उचलून मारला, आयुष्यात पहिल्यांदा. तिने कान हलवले आणि त्याच्या खिशाला नाक लावलं.

लुटके कड्यावरून खाली येत होता. तो थांबला. घोडीकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं.

"मेल्यावर चांगलीच भूक लागते वाटतं हिला."

एवाल्ड बोलत सुटला. चूक माझी आहे, मला काय करायचं ते करा, हिला जाऊ द्या, म्हातारी झालीय, रशियनांच्याही काही कामाची नाही. लुटकेपुढे तो एवढं कधी बोलला नव्हता. लुटकेने सगळं ऐकून घेतलं.  मग त्याने पिस्तूल भरलं.

"तोंड धर तिचं."

एवाल्डने धरलं. हुल्डाने मान सोडवून घेतली आणि बादलीत तोंड घातलं. बादली रिकामी होती. ती नाकाने बादली ढकलत राहिली.

लुटकेने पिस्तूल खाली केलं.

"आधी तिचं होऊ दे," तो म्हणाला आणि पाठ फिरवून उभा राहिला.

दाणा केव्हाच संपला होता. एवाल्डने आपला पाव मोडून बादलीत टाकायला सुरुवात केली. हाइनोने स्वतःचाही पाव त्याच्यापुढे ठेवला. तेवढ्यात खालून कुणी तरी ओरडलं, बोट दिसली, आणि माणसं धावत सुटली. एवाल्ड जागचा हलला नाही. पावाचा प्रत्येक तुकडा तो आधीच्यापेक्षा लहान करत होता.