भावकीतली जीप

त्रिंबकतात्यानं निम्म्या मेंढ्या विकून भावकीतल्या दलालाकडून जुनी जीप घेतली. विद्यापीठाच्या नामांतरावरून होणाऱ्या रोजच्या बंदांनी एसटी भरवशाची राहिली नव्हती. फुलंब्रीचे कामगार चिकलठाण्याच्या कारखान्यांवर पोचवले की पोटाची ददात मिटणार होती. त्याची बायको बानाबाई जीप ओवाळायला वाकली आणि थबकली. "अवो, हिला जळका वास येतोय." मिस्त्रीनं रंग खरवडला, तर खाली काजळी! "दंगलीत जळालेली हाय, चाचा. ब्रेकची नळी घाटात कधीबी फुटंल." तात्या जीप घेऊन तडक दलालाकडं गेला. तो पान चघळत हसला, "तुमीबी मेल्या कोकराचं कातडं पोरक्या पिल्लावर पांघरून मेंढीला फसवताच की!" तात्या पचकन थुंकला. "त्यानं मेंढीच्या दुधावर पोरकं पिल्लू जगतं. तू मढ्यावर जित्याचं कातडं चढवलंस. आता बायकोपोरं घेऊन हिच्यात बस, चौक्याच्या घाटातनं तूच हाक." दलालानं पान तसंच गिळलं, पण जीपकडं पाऊल उचललं नाही.