पालथा ग्लास

अर्पिताच्या लग्नाच्या वर्षी तिच्या बापानं, रोहिदासनं, दारू सोडली. उरणजवळच्या कोळीवाड्यात गीतांजलीताईंची छोटीशी संस्था होती. दारू सोडणाऱ्यानं आपला ग्लास तिथल्या फळीवर पालथा ठेवायचा, अशी रीत. रोज संध्याकाळी तिथं चहा पिताना रोहिदास म्हणायचा, "आधी मी पालथा पडायचो, आता ह्यो पडलाय!" पुढं देणगीदारांनी हात आखडला, संस्थेला कुलूप लागलं. ताई ग्लास घरोघरी परत देत आल्या. रोहिदासची बायको गंगू दारातच आडवी आली. "ताई, ह्यो घरान नको. खाडीत फेका." "तुमची वस्तू मी कशी फेकू?" म्हणत ताई रडू लागल्या, त्यापुढं गंगूचं चालेना. ग्लास तिनं तांदळाच्या डब्यात पुरला. संध्याकाळी रोहिदास कुलूप बघून परतला. "आता सांजचा कुठं बसाचा?" सकाळी गंगूनं भातासाठी डब्यात हात घातला, ग्लास नव्हता. यंदा होळीच्या आदल्या दिवशी रोहिदास दारूनंच वारला.