खिडकीकडचं बटण

आई जाऊन महिना झाला आणि कंत्राटदार नव्या घराचा नकाशा घेऊन आला. वायरिंग सुरू करायचं होतं. आईबाबांच्या खोलीवर बोट ठेवून तो जरा अडखळला.

"काका, दिव्याचं बटण काकूंनी पलंगाच्या खिडकीकडच्या बाजूला सांगितलं होतं. म्हणाल्या, 'हे पाठ टेकताच घोरायला लागतात, दिवा रोज मलाच बंद करावा लागतो.' आता तुमच्या बाजूला घेऊ ना?"

"घ्या," बाबांना बोलावं लागू नये म्हणून मीच घाईने म्हटलं.

बाबांनी नकाशा स्वतःकडे वळवला आणि ते बटण नीट शोधून काढलं.

"नको, तिने सांगितलंय तिथेच राहू दे. मी हल्ली तिच्याच बाजूला झोपतो."