काय गेलं?

"मिटा डोळे! रेणू, लबाडी नको."

निफाडच्या बोचऱ्या थंडीत मुलांना बाहेर सोडायचं नाही, म्हणून आत्या रोज दार लावून हा खेळ घ्यायची. ती खोलीतली एक वस्तू लपवणार, काय गेलं ते मुलांनी ओळखायचं. सात वर्षांची रेणू कधीच चुकत नसे.

उद्या बाबांचं दुसरं लग्न होतं. आई जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं.

"उघडा!"

रेणूला शोधावंही लागलं नाही. भिंतीवर फोटोएवढा चौकोन बाकी रंगापेक्षा उजळ दिसत होता.

"आईचा फोटो!"

"चूक," आत्या शांतपणे म्हणाली. "तिथे काही नव्हतंच. काय रे कान्हा, होतं का काही?"

चार वर्षांच्या कान्हाने भिंतीकडे पाहिलं, मग आत्याच्या हातातल्या डिंकाच्या लाडवाकडे. "नव्हतं."

"शाब्बास माझ्या वाघा!" लाडू त्याच्या तोंडात गेला. "आता ठमाबाई, तुम्ही. नीट आठवून सांगा. काय गेलं?"

रेणूने पुन्हा भिंतीकडे पाहिलं. कान्हा मिटक्या मारत होता.

"काहीच नाही, आत्या."

"हुशार गं माझी पोर! उद्या नव्या आईने विचारलं तरी हेच सांगायचं हं," म्हणत आत्याने तिची पापी घेतली.