खुर्चीभोवतीचं रिंगण

बायको गेल्यावर घड्याळजींच्या परसबागेत एक नवीनच भानगड सुरू झाली. पाखरं तिच्या रिकाम्या खुर्चीला बुजायला लागली. दाणे सगळीकडचे टिपायची, पण खुर्चीभोवती हातभर रिंगण सोडून.

घड्याळजी समोरच्या खुर्चीत बसून, घड्याळं दुरुस्त करायच्या धंद्याच्या सवयीने एक डोळा मिटून, रोज हे बघायचे. जगायला तेवढंच उरलं होतं.

सून म्हणायची, "बाबा, आईंची खुर्ची आत घेऊ का? उन्हाने रंग उडतोय."

"नको. ती बसलीये."

आज मात्र एक बुलबुल सरळ त्या खुर्चीच्या हातावर येऊन बसला. म्हणजे ती उठून गेली? निदान जागा तरी अडवावी म्हणून घड्याळजी धावत जाऊन स्वतःच तिच्यात बसले.

बुलबुल हलला नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या, शिव्या घातल्या. एक खार त्यांच्या मांडीवर चढून निवांत मिशा साफ करायला लागली. रिंगण आता समोर पडलं होतं, त्यांनी नुकत्याच सोडलेल्या खुर्चीभोवती.

सून चहा घेऊन आली. कप तिने समोरच्या त्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला आणि त्या खुर्चीकडे बघूनच विचारलं,

"बाबा, आता तरी आईंची खुर्ची आत घेऊ ना?"

"नको!" घड्याळजी जिवाच्या आकांताने ओरडले.

"घे बाई," समोरून त्यांच्याच आवाजात उत्तर आलं. "कोण बसतंय तिच्यात?"