बिनसाखरेचा चहा

"कोरोनाच्या पहिल्या लशीला ही दोन दिवस तापानं आडवी हुती. म्हशी मीच बघायच्या, चूल मीच पेटवायची. दुसरा डोस नकोच आमाला!" दारातूनच सुगंधावहिनींच्या नवऱ्याने मला, गावच्या आशाताईला, वाटेला लावायला घेतलं.

पण त्याच्यामागे सुगंधावहिनी चपला घालून तयार होत्या. मला धीर आला. "दुसऱ्या डोसला सहसा एवढा ताप येत नाही हो," मी घाईघाईने सांगितलं. वहिनींचा चेहराच पडला. चपला काढून त्या पायरीवर बसल्या. "मग राहू दे."

मी चक्रावले. तो म्हशींना वैरण टाकायला गेला, तशा त्या हळूच म्हणाल्या, "लगीन होऊन एवढी वर्षं झाली, पर ह्यांच्या हातचा च्या त्या तापातच मिळाला. साखर घालायची इसरलं हुतं. तरीबी पुरवून पुरवून प्याले मी."

मी उठले आणि गोठ्यापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडले, "भावजी, ताप येवो न येवो, डोस घेतल्यावर बाईमाणसाला दोन दिवस काम सांगायचं नाही! वरनंच निरोप आलाय!" कुठून वरनं, ते मी सांगितलं नाही.

वहिनींनी चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या लसीकरणाला गेले, तर वहिनींच्या गल्लीतल्या बायका माझ्याआधीच लशीच्या रांगेत. पहिलीने माझा दंड धरला. "डोस घेतो आमी. पर आधी आमच्याबी घरला येऊन तसंच वरडून सांग की!"